परवान्यातील एक विनंती

संगणकावर कोणतेही नवे साधन बसविताना पडद्यावर एक लांबलचक मजकूर येतो आणि त्याखाली ‘मान्य आहे’ अशी चौकट असते. वरचा मजकूर न वाचता त्या चौकटीवर टिचकी मारण्याची सवय आता सर्वांनाच जडली आहे. वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेल्या त्या भाषेत वाचण्याजोगे काही असेल, अशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही. कंपनीची जबाबदारी कोठे संपते आणि ग्राहकाचा हक्क कोठे सुरूच होत नाही, एवढाच त्याचा सारांश. या रुक्ष वाङ्मयात एक परवाना मात्र निराळा आहे. ‘व्हिम’ नावाच्या साधनाचा हा परवाना सांगतो, की हे साधन हवे तितके वापरा, हव्या तितक्या प्रती काढा, कोणालाही द्या. आणि शक्य असेल तर युगांडातील गरजू मुलांसाठी काही द्या. साधन नुसते सुरू केले, कोणताही मजकूर उघडला नाही, तर रिकाम्या पडद्याच्या मध्यभागी ज्या थोड्या ओळी उमटतात, त्यांतही हीच विनंती असते. टंकनाचे पहिले अक्षर उमटताच त्या ओळी नाहीशा होतात. काम करणाऱ्याला त्या पुन्हा अडवीत नाहीत.

हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत आणि तेथून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या आपल्या संगणक अभियंत्यांपैकी असंख्य जणांच्या डोळ्यांखालून या ओळी गेल्या आहेत. त्यांतील किती जणांनी त्या वाचल्या? वाचलेल्यांपैकी किती जणांना त्यांच्या मागचा माणूस ठाऊक आहे? ब्राम मूलेनार हे त्याचे नाव. हॉलंडमध्ये १९६१ साली जन्मलेला हा अभियंता ३ ऑगस्ट २०२३ रोजी वयाच्या बासष्टाव्या वर्षी निवर्तला. त्याची ओळख मराठी घरांतून व्हायला हवी, कारण त्या घरांतली मुले त्याच्या साधनावर पोट भरतात.

व्हिम म्हणजे काय, हे संगणकाशी संबंध नसलेल्या वाचकालाही समजण्यासारखे आहे. संगणकाला द्यायच्या आज्ञा शेवटी अक्षरांतच लिहाव्या लागतात. ती अक्षरे लिहिण्याचे, खोडण्याचे, हलविण्याचे साधन म्हणजे एडिटर. सुताराला रंधा तसा प्रोग्रामरला एडिटर. दिवसातले आठ-दहा तास तो हातात असतो. १९७६ साली अमेरिकेत बर्कली येथे बिल जॉय या तरुणाने ‘व्हीआय’ नावाचा एडिटर लिहिला. त्या काळी संगणकाशी जोडणारी दूरध्वनीची तार इतकी मंद होती, की एकेक अक्षर पडद्यावर येण्याची वाट पाहावी लागे. म्हणून कमीत कमी कळा दाबून जास्तीत जास्त काम व्हावे, अशी त्याची रचना झाली. पडद्यावर इकडून तिकडे जाण्यासाठी एच, जे, के, एल ही अक्षरे वापरायची, कारण जॉय यांच्यासमोरच्या यंत्रावर बाणांच्या खुणा याच कळांवर छापलेल्या होत्या. यंत्र केव्हाच भंगारात गेले; बोटांची ती सवय पन्नास वर्षे टिकून आहे!

मूलेनार यांनी १९८८ च्या सुमारास ‘अमिगा’ नावाचा घरगुती संगणक घेतला. त्यावर व्हीआय नव्हते. दुसऱ्या एकाने लिहिलेले, त्याच्या नकलेसारखे एक साधन मिळाले, त्यात दोष होते. ते दुरुस्त करता करता नवेच साधन उभे राहिले. १९९१ साली ते लोकांसाठी खुले झाले. आधी त्याच्या नावाचा अर्थ ‘व्हीआयची नक्कल’ असा होता. पुढे तो ‘सुधारलेले व्हीआय’ असा झाला. आद्याक्षरे तीच राहिली, म्हणून नाव बदलावे लागले नाही.

हे साधन शिकायला सोपे नाही. आपल्या स्वयंपाकघरातली विळी आणि चाकू यांत जो फरक, तोच येथे. चाकू कोणीही उचलतो. विळीसमोर बसायला शिकावे लागते. पहिल्या दिवशी बोट कापते. पण हात बसला, की विळीच्या वेगाशी चाकूची बरोबरी होत नाही. व्हिममध्ये शिरलेल्या नवख्याला लिहायचे कसे हे कळत नाही, आणि बाहेर कसे पडायचे हे तर त्याहून कळत नाही. प्रोग्रामरांच्या एका विख्यात प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी ‘यातून बाहेर कसे पडावे’ हा प्रश्न पाहणाऱ्यांची संख्या २०१७ साली दहा लाखांवर गेली, तेव्हा ती जगभर थट्टेची बातमी झाली होती. याचे कारण त्याच्या मूळ कल्पनेत आहे. माणूस लिहितो कमी आणि लिहिलेल्यात फेरफार अधिक करतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे. म्हणून साध्या अवस्थेत कळा दाबल्या, की अक्षरे उमटत नाहीत, आज्ञा सुटतात. डी आणि डब्ल्यू दाबले की एक शब्द खोडला जातो. मध्ये तीनचा आकडा घातला की तीन शब्द. व्याकरणात क्रियापद आणि कर्म जोडावे तशी ही जोडणी आहे. ज्याला ती साधली, त्याचा हात माऊसकडे जात नाही.

मूलेनार यांनी २००० साली एक छोटा लेख लिहिला. परिणामकारक लेखन-संपादनाच्या सात सवयी, असा त्याचा विषय. त्यातील उपदेश व्हिमपुरता मर्यादित नाही. काम करताना जेथे वेळ वाया जातो ती जागा हेरावी. तेच काम लवकर करण्याची रीत शोधावी. आणि ती रीत विचार न करता हातून घडेपर्यंत गिरवावी. तिसऱ्या पायरीवर त्यांचा भर होता. सारे काही एकाच वेळी शिकू नये, ज्याची रोज गरज पडते तेवढेच शिकावे, हेही त्यांनी बजावले. आपल्या कचेऱ्यांतून आजही अर्जातला मजकूर उजवीकडे सरकविण्यासाठी चाळीस वेळा मोकळी जागा टाकणारे कारकून आणि त्यांचे साहेब दिसतात. दर महिन्याला तोच तक्ता नव्याने आखला जातो. वीस वर्षे हे करणाऱ्यालाही, याला दुसरी रीत असेल, अशी शंका येत नाही! संगणक घेण्यावर सरकारने आणि शाळांनी जेवढा खर्च केला, त्याच्या शंभरावा भाग तरी ही नजर घडविण्यावर झाला असता, तर बरे झाले असते.

व्हिम वापरणाऱ्या प्रत्येकाजवळ एक छोटी फाईल असते. तीत त्याने स्वतःच्या सोयीच्या आज्ञा नोंदवून ठेवलेल्या असतात. संगणक बदलतो, नोकरी बदलते, ही फाईल बरोबर जाते. आजीच्या लोणच्याच्या वहीसारखे तिचे आहे. कोणती ओळ कोणाकडून उतरवून घेतली, हेसुद्धा कधी कधी शेजारी लिहिलेले सापडते. स्वतः मूलेनार यांची वही त्याहून मोठी होती. साधनातील उरलेले दोष, लोकांच्या मागण्या, अर्धवट राहिलेली कामे यांची एक लांबच लांब यादी ते साधनाबरोबरच सर्वांना वाटत. आपल्या मालातील उणिवांची यादी मालाबरोबर देणारा दुकानदार कोणी पाहिला आहे काय? पण ज्याला आपले काम रोज थोडे सुधारायचे आहे, त्याला ही यादी लपवून चालत नाही.

हाच माणूस १९९४ साली वर्षभरासाठी युगांडात गेला. तो देश आपल्याला अगदीच परका नाही. मोंबासाहून आत जाणारी रेल्वे १८९६ पासून हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी घातली. १९७२ मध्ये इदी अमीनने तेथील हजारो भारतीय वंशाच्या कुटुंबांना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढले, हे जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. अमीनच्या राजवटीने आणि नंतरच्या यादवीने शाळा, दवाखाने, रस्ते यांची धूळधाण केली. त्यातून देश सावरतो न सावरतो, तोच एड्स आला. युगांडातील पहिले रुग्ण १९८२ साली आढळले, ते राकाई जिल्ह्यात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. रोगाचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. माणूस वाळत जातो म्हणून लोक त्याला वाळवणारा आजार म्हणत. कमावत्या वयाचे स्त्री-पुरुष गेले, मागे म्हातारे आणि मुले राहिली. साडेतीन लाख वस्तीच्या त्या जिल्ह्यात आई किंवा वडील किंवा दोन्ही गमावलेली मुले साठ हजारांच्या घरात होती, असे मूलेनार यांनी व्हिमबरोबर दिलेल्या माहितीत नमूद केले आहे. सहा माणसांमागे एक असे हे प्रमाण पडते. दुष्काळ नव्हता, जमीन पिकत होती. पिकवणारे हात गेले होते.

राकाईत टांझानियाच्या सीमेजवळ किबाले नावाचे छोटे गाव आहे. तेथील बालकेंद्रात मूलेनार स्वयंसेवक म्हणून राहिले. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या या माणसाने तेथे संगणक शिकविला नाही. केंद्राचा विस्तार, पिण्याचे पाणी आणि स्वच्छता हे काम त्यांनी पत्करले. जेथे मुले गढूळ पाण्याने आजारी पडतात, तेथे पहिली गरज कशाची आहे, हे ओळखण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. पण आपल्या विद्येचा तोरा बाजूला ठेवावा लागतो, आणि ते विद्वत्तेपेक्षा कठीण आहे. परदेशी मदतीच्या नावाखाली आफ्रिकेतल्या खेड्यांत पोहोचलेली आणि वीज नाही म्हणून धूळ खात पडलेली यंत्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातला फरक कळेल.

मायदेशी परतल्यावर मूलेनार यांनी नेदरलँड्समध्ये ‘आयसीसीएफ हॉलंड’ ही छोटी संस्था स्थापन केली. निधी गोळा करायचा आणि किबालेतील मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारे पालक मिळवायचे, एवढेच तिचे काम होते. आपल्याकडे ज्याला शैक्षणिक पालकत्व म्हणतात, तीच ही योजना: दरमहा ठरावीक रक्कम आणि त्यातून एका मुलाची शाळा. अन्न आणि औषध आजची गरज भागवते, पण ही मुले पुढे स्वतःच्या पायांवर उभी राहायची, तर शिक्षणाला पर्याय नाही, ही त्यांची धारणा होती. मग ही विनंती पोहोचवायची कोठे? जाहिरातीला पैसा नव्हता. हाताशी होते ते जगभर पसरत चाललेले एक फुकट साधन. त्याच्या परवान्यातच त्यांनी ही ओळ घातली.

एका मुद्द्याचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. किबालेचे केंद्र ख्रिस्ती पायावर चालते. सेवेच्या आडून धर्मांतराचा अनुभव घेतलेल्या भारतीय वाचकाच्या मनात शंका यावी, हे स्वाभाविक आहे. मूलेनार यांनी ही गोष्ट लपविली नाही. व्हिमबरोबरच्या माहितीत ती स्पष्ट लिहिली आणि मदत कोणत्याही धर्माच्या मुलांना दिली जाते, हेही त्याच ठिकाणी लिहिले. देणाऱ्याने वाचावे आणि ठरवावे. आपल्या देशात काम करणाऱ्या सर्वच संस्थांनी पहिल्या पानावर एवढा प्रांजळपणा दाखविला, तर पुष्कळसे वाद उद्भवणारच नाहीत.

या सर्व खटाटोपात मूलेनार यांनी मागण्याची जी रीत निवडली, ती विचार करण्याजोगी आहे. ‘पैसे द्या, मग साधन मिळेल’ असे ते म्हणू शकले असते. लोकांनी मुकाट्याने दिलेही असते. पण ती किंमत झाली असती, दान झाले नसते. न देणाऱ्याला अर्धवट साधन, देणाऱ्याला पूर्ण, हा मार्गही त्या काळी रूढ होता. तोही त्यांनी घेतला नाही. देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला एकच साधन मिळे. ज्यांना व्हिमच्या विकासालाच हातभार लावायचा होता, त्यांच्यासाठी वेगळी सोय होती. अशा देणगीदारांना पुढे कोणती सुधारणा व्हावी यासाठी मत देता येई. २००६ साली मूलेनार यांना गूगल कंपनीत झुरिक येथे नोकरी मिळाली. आता मला पगार आहे, तेव्हा हा पैसाही मुलांना जाईल, असे त्यांनी देणगीदारांना कळविले. श्रमाच्या नावावर आलेला पैसा घेण्यात त्यांच्याकडून कोणतीही चूक झाली नसती. २०२१ पर्यंत ते त्या नोकरीत होते, आणि किबालेला वेळोवेळी जाऊन पैसा कोठे लागला ते पाहत होते.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार केले आहेत. देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले ते सात्त्विक. फळाकडे डोळा ठेवून, जिवावर येऊन दिलेले ते राजस. अवमान करून, अस्थानी दिलेले ते तामस. ही कसोटी आपल्या आजच्या दानाला लावून पाहावी. देवळाच्या पायरीपासून पंख्याच्या पात्यापर्यंत देणाऱ्याचे नाव कोरलेले असते. पंखा फिरू लागला तरच ते दिसेनासे होते! कंपनी कायदा २०१३ ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. त्यातून चांगली कामे उभी राहिली, हे मान्य केलेच पाहिजे. पण मार्च महिना जवळ आला की रक्कम ‘संपविण्याची’ जी धावपळ सुरू होते, तीत देश, काल आणि पात्र पाहायला सवड कोणाला असते? एकाच शाळेला तीन कंपन्यांकडून तीन वेळा संगणक मिळतात आणि शेजारच्या वाडीवरील शाळेचे छप्पर गळतच राहते.

महाराष्ट्राला दुसरी रीत ठाऊक होती. गरीब विद्यार्थ्याला सात घरांनी सात वार वाटून घेतले, तो त्या त्या घरी जेवला आणि शिकला. देणाऱ्या घरात श्रीमंती नसे. एक पान अधिक वाढले जाई इतकेच. त्या पद्धतीत अपमानाचे काटेही होते, त्याच्या कहाण्या अनेक थोरांच्या आत्मचरित्रांत सापडतात, त्यामुळे तिचे गोडवे आंधळेपणाने गाण्याचे कारण नाही. पण तिचा कणा पक्का होता. मदत थोडी, नियमित आणि डोळ्यांसमोरच्या माणसाला. मूलेनार यांच्या योजनेचा कणाही हाच आहे. फक्त सात घरांच्या जागी जगभरातील प्रोग्रामर आले.

आता नाण्याची दुसरी बाजू. ज्या साधनांवर सारे जग उभे आहे, ती घडविणाऱ्यांचे काय? व्हिम सुमारे तीस वर्षे एका माणसाच्या खांद्यावर होते. कोणता बदल स्वीकारायचा, कोणता नाही, हे अखेरपर्यंत तेच ठरवीत. त्यामुळे साधनाला एकसंधपणा आला, तसा मंदपणाही आला. २०१४ साली काही तरुणांनी कंटाळून ‘निओव्हिम’ नावाची वेगळी चूल मांडली. त्यानंतर दोनच वर्षांत मूळ व्हिममध्ये रेंगाळलेल्या सुधारणा झपाट्याने आल्या, हा योगायोग म्हणता येणार नाही. मूलेनार गेल्यावर जर्मनीच्या ख्रिस्तियान ब्राबांट यांनी आणि इतर सहकाऱ्यांनी सूत्रे हाती घेतली. २ जानेवारी २०२४ रोजी व्हिमची नवी आवृत्ती निघाली, ती मूलेनार यांना अर्पण करण्यात आली. येथे धागा तुटला नाही. प्रत्येक ठिकाणी असे होत नाही.

बँकेचा व्यवहार करताना पत्त्यापाशी जे कुलपाचे चिन्ह दिसते, त्यामागे अनेक ठिकाणी ‘ओपनएसएसएल’ नावाची मुक्त प्रणाली काम करते. एप्रिल २०१४ मध्ये तीत एक भयंकर छिद्र सापडले. तेव्हा जगाला कळले, की अब्जावधींचे व्यवहार राखणाऱ्या या प्रणालीला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर एवढीच देणगी मिळत होती आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. मोठ्या कंपन्यांनी घाईघाईने निधी उभा केला. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, ‘एक्सझेड’ नावाच्या अशाच एका छोट्या साधनात मुद्दाम पेरलेली चोरवाट उघडकीस आली. ते साधन एकटा, बिनपगारी, थकलेला माणूस सांभाळत होता. मदतनीस म्हणून आलेल्या अनोळखी व्यक्तीने दोन-अडीच वर्षे खपून त्याचा विश्वास मिळविला आणि मग घात केला. मायक्रोसॉफ्टमधील एका अभियंत्याला प्रवेशाच्या वेळी अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून ते पकडले गेले. अर्धा सेकंद! वेळ कोठे वाया जातो ते हेरण्याच्या ज्या सवयीबद्दल मूलेनार यांनी लिहिले, तिने येथे जगाला वाचविले.

भारताचा यात संबंध थेट आहे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त प्रणाली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. आधारसारखी अवाढव्य यंत्रणा मुक्त साधनांचा मोठा वापर करून उभी राहिली. आपले सेवाक्षेत्र तर त्यांवरच चालते. आपण घेतले फार, दिले किती? काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘लोहित’ हा देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली सर्वांना मिळतो. तो सांभाळण्याचे काम रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी केले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्ता’सारखे टंक खुले केले, मराठीची कितीतरी संकेतस्थळे त्यांत वाचली जातात. मुंबईच्याच ‘फ्रापे’ने व्यवसायाचे हिशेब ठेवणारी ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली जगाला खुली केली. बंगळुरूच्या ‘झिरोधा’ कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त साधनांच्या निर्मात्यांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. हे सारे कौतुकास्पद आहे आणि आपल्या उद्योगाच्या पसाऱ्याच्या मानाने फार थोडे आहे.

आपल्याकडे ऋषिऋण नावाची कल्पना आहे. ज्ञान फुकट मिळाले, म्हणून ते ऋण. ते मूळ देणाऱ्याला परत करता येत नाही. स्वतः शिकून, दुसऱ्याला शिकवून फेडायचे असते. मुक्त प्रणालींची सगळी व्यवस्था या कल्पनेच्या इतकी जवळ आहे, की ती आपल्या मुलांना समजावून सांगणे अवघड जाऊ नये. घरातला मुलगा किंवा मुलगी या क्षेत्रात असेल, तर रात्रीच्या जेवणाच्या वेळी एक प्रश्न विचारून पाहावा: तू रोज वापरतोस त्यांतले फुकट काय काय आहे, आणि ते कोण करते? बहुतेकांना पहिल्या भागाचे उत्तर येईल. दुसऱ्या भागाशी घास थबकेल.

यावर नेहमीचा आक्षेप तयार असतो. मेळघाटात, पालघरात आपलीच मुले कुपोषणाने दगावत असताना युगांडा कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो मूलेनार यांना लागू होत नाही. त्यांनी नकाशावर बोट ठेवून गरीब देश निवडला नव्हता. जेथे वर्षभर राहिले, जेथल्या पाण्याचे काम केले, तेथल्या मुलांसाठी त्यांनी हात पसरला. हॉलंडच्या माणसाच्या परवान्यात किबाले आले, तसे मराठी माणसाच्या परवान्यात बैरागड यायला कोणाची हरकत आहे? मेळघाटातील त्या गावी डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी तीन दशकांहून अधिक काळ रुग्णसेवा केली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अभियंते सुटीत तेथे जातात, छायाचित्रे काढतात, हळहळतात आणि परततात. त्यांतला एखादा वर्षभर राहिला आणि परतल्यावर आपल्या हातच्या साधनावर एक ओळ लिहू लागला, तर ती ओळ वाचणारे जगभर मिळतील.

तोपर्यंत सोपी कामे पुष्कळ आहेत. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आपल्याकडे आयकरात सवलत मिळत नाही, म्हणून अनेक जण तेथेच थांबतात. त्यांनी येथील नोंदणीकृत संस्था निवडावी. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर स्वतः घालतात. तो अर्ज भरायला दहा मिनिटे लागतात, आणि पुष्कळदा तो पडूनच राहतो. ज्यांना पैसा जड जातो, त्यांना वेळ देता येईल: एखाद्या साधनाची सूचनापुस्तिका मराठीत आणणे, सापडलेला दोष नीट लिहून कळविणे, महाविद्यालयातील मुलांना शनिवारी दोन तास शिकविणे. कंपन्यांनी आठवड्यातील काही तास अशा कामासाठी मोकळे ठेवायला हवेत. मुक्त साधनांवर नफा कमावणाऱ्या कंपनीच्या दृष्टीनेही तो आपल्याच विहिरीचा गाळ काढण्यासारखा खर्च आहे.